स्पॅनिश-इंग्रजी वर्गात दोन भाषांची सांगड: चौथीच्या एका नव्या शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत तुम्ही यंदा चौथीला इंग्रजी बाजूच्या शिक्षिका म्हणून रुजू झालात. शाळेत स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक कार्यक्रम आहे. वर्गातली साधारण निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात, निम्मी इंग्रजी. गणित आणि इंग्रजी वाचन-लेखन तुमच्याकडे. विज्ञान, समाजशास्त्र आणि स्पॅनिश वाचन-लेखन जोडीदार शिक्षिकेकडे. प्रशिक्षणात बजावलं गेलं की भाषा मिसळू नका. शाळेतली कोच, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारी अनुभवी शिक्षिका, मात्र म्हणते, दोन भाषांमधले दुवे मुलांना दाखवा. तुम्ही दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची यादी भिंतीवर लावलीत, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तुमची स्पॅनिश जेमतेम. आणि जाता जाता विचारलंत की घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलीला याच शाळेच्या बालवर्गात घालावं का.

मी टेक्सासमध्येच आधी इंग्रजी बाजूनं शिकवलं, मग स्पॅनिश शिकून परीक्षा दिल्यावर त्या बाजूनंही. आता नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून टिपणं काढणं हे माझं काम आहे. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बरंचसं दुसऱ्यांच्या वर्गात बघितलेलं आहे.

प्रशिक्षण आणि कोच, दोघांचंही बरोबर आहे, फक्त प्रत्येकानं अर्धं सांगितलं. शिकवण्याच्या वेळेत भाषा वेगळ्या ठेवायच्या. दुवे दाखवायचे ते त्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या वेळेत. आठवडाभर तुम्ही इंग्रजीच बोलायचं, जोडीदारानं स्पॅनिशच. युनिट संपत आलं की एक तास असा काढायचा, ज्यात दोन्ही भाषा एकाच फळ्यावर शेजारी शेजारी बसतात. कॅरेन बीमन आणि शेरिल उरो या द्विभाषिक शिक्षणातल्या दोघी तज्ज्ञांनी या तासाला 'एल पुएन्ते', म्हणजे पूल, हे नाव रूढ केलं आणि आता बऱ्याच शाळांत तेच चालतं.

वेगळेपणाचा एवढा आग्रह कशासाठी, हे समजून घ्या, नाहीतर तो नुसता सोवळेपणा वाटतो. अमेरिकेत दोन्ही गटांची मुलं एकत्र बसवून दोन भाषांत शिकवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग 1963 साली मायामीच्या कोरल वे शाळेत सुरू झाला. क्युबातल्या क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांची मुलं आणि स्थानिक इंग्रजीभाषक मुलं अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये शिकत, अर्धा इंग्रजीत. दोन भाषांना वेगळे शिक्षक, वेगळा वेळ. तेव्हापासून ही शिस्त टिकली त्याला कारण आहे. या देशात इंग्रजीला कुणी राखण करावी लागत नाही. मधल्या सुट्टीत, यूट्यूबवर, बसमध्ये सगळीकडे तीच. स्पॅनिशच्या तासाला शिक्षिकेनं थोडी ढिलाई दिली की पाच मिनिटांत वर्ग इंग्रजीत बोलायला लागतो. उलटं सहसा घडत नाही. म्हणून स्पॅनिशची वेळ राखावी लागते.

दुसरं कारण वर्गातच दिसतं. काही शिक्षिका प्रेमापोटी प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत बोलतात. मुलं हुशार असतात. आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसतात. दोन महिन्यांनी दुसरी भाषा कानावर पडूनही कुणाच्या डोक्यात शिरलेली नसते. भाषांतर करून दाखवणं म्हणजे दुवा दाखवणं नव्हे, हा फरक एकदा पक्का झाला की तुमचा अर्धा गोंधळ मिटेल.

पण भाषा वेगळ्या ठेवायच्या आहेत त्या शिक्षिकेच्या तोंडात. मुलाच्या डोक्यात त्या वेगळ्या नसतातच. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून हेच मांडलं की एका भाषेत जे समजलं ते दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. परिच्छेदातला मुख्य मुद्दा कसा शोधायचा हे मूल स्पॅनिशमध्ये शिकलं असेल तर इंग्रजीत त्याला फक्त शब्द हवे असतात, युक्ती त्याच्याकडे असते. मात्र ती युक्ती आपोआप पलीकडे जाईल असं गृहीत धरू नका. काही मुलांची जाते, बऱ्याच मुलांची कुणी बोट दाखवल्याशिवाय जात नाही. कोलोराडो विद्यापीठातल्या कॅथी एस्कामिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या 'लिटरसी स्क्वेअर्ड' या द्विभाषिक वाचन-लेखन कार्यक्रमाचा मोठा भर याच बोट दाखवण्यावर आहे.

आता प्रत्यक्ष तास कसा दिसतो ते सांगते. चौथीला जलचक्र येतं, तेच घेऊ.

जोडीदार शिक्षिकेनं दोन आठवडे जलचक्र स्पॅनिशमध्ये शिकवलंय. प्रयोग झालेत, आकृती काढून झालीय, मुलांनी वह्या भरल्यात. मुलांना विषय समजलाय ही पहिली अट. न समजलेल्या गोष्टीवर दुवे बांधायला गेलात तर दोन्ही भाषांत घोळ होतो. शिक्षिका मोठा कोरा कागद लावते आणि मध्ये उभी रेघ ओढते. स्पॅनिशसाठी लाल मार्कर, इंग्रजीसाठी निळा. रंग कुठलेही घ्या, पण वर्षभर तेच ठेवा आणि दोन्ही खोल्यांत सारखे ठेवा. मग मुलांना विचारते, या युनिटमधले कुठले शब्द नसते तर आपल्याला जलचक्र सांगताच आलं नसतं? मुलं सांगतात, ती डाव्या बाजूला लिहिते: एवापोरासिओन, कोन्देन्सासिओन, प्रेसिपितासिओन, वापोर, नुबे, युविया, ग्रानिसो, कालोर, चार्को. आयता तक्ता घरून करून आणायचा नाही. मुलांनी आठवून सांगण्यातच निम्मं काम होतं, आणि कुठला शब्द कुणालाच आठवला नाही हेही कळतं.

मग उजवी बाजू. इंग्रजीत याला काय म्हणतात? इव्हॅपोरेशन, कंडेन्सेशन पटापट येतात. नुबे म्हणजे क्लाउड, युविया म्हणजे रेन. चार्कोला सगळे अडतात. डबकं दाखवायला एक मुलगा उडी मारून दाखवतो, पण 'पडल' हा शब्द येत नाही. तो शिक्षिका देते. जो शब्द मुलांकडे नाही तोच आपण द्यायचा.

इथपर्यंत बहुतेक शिक्षिका येतात आणि थांबतात. खरा तास याच्यापुढे आहे. कागदाकडे बघत शिक्षिका एकच प्रश्न टाकते: काय दिसतंय? आणि गप्प बसते. हे गप्प बसणं जमायला वेळ लागतो. आधी कुणीतरी सांगतं की तीन शब्दांची शेपटी सारखी आहे: स्पॅनिशमध्ये सी-आय-ओ-एन, इंग्रजीत टी-आय-ओ-एन. मग कुणीतरी म्हणतं, स्पॅनिशमधल्या 'ओ'वर टिंबासारखी तिरकी रेघ आहे, इंग्रजीत नाही. शिक्षिका शब्द मोठ्यानं म्हणायला लावते. स्पॅनिशमध्ये जोर शेवटच्या 'ओन'वर, इंग्रजीत 'रे'वर. अनेकवचन केलं तर? एवापोरासिओनेस. रेघ गेली! का गेली ते मुलांना शोधू द्या, स्पॅनिशच्या शिक्षिकेचा पुढचा धडा तयार झाला.

एका वर्गात एवढ्यावर तास संपत आला होता, तर मागून एक मुलगी म्हणाली, "व्हेपर दोन्हीकडे एकाच स्पेलिंगचं आहे, आणि तो शब्द इव्हॅपोरेशनच्या पोटात बसलाय." लगेच दुसरीनं 'कालोर'वर बोट ठेवलं. हीटशी त्याचं काहीच जुळत नाही असं आम्ही नुकतंच ठरवलं होतं. तिनं विचारलं, नाश्त्याच्या सीरियलच्या डब्यावर 'कॅलरी' लिहिलेलं असतं ते हेच का? तेच. तिनं हे माझ्याकडून किंवा तिच्या शिक्षिकेकडून ऐकलं नव्हतं. असा शब्द मुलाला आयुष्यभर सापडत राहतो, भिंतीवरचा नाही.

तासाचा शेवट दुसऱ्या भाषेत काहीतरी करून होतो. आता ही मुलं तुमच्या खोलीत येतील तेव्हा जलचक्र पुन्हा शिकवू नका. त्यांनीच काढलेली आकृती समोर ठेवा, नावं पुसून टाका आणि जोडीजोडीनं इंग्रजीत समजावून सांगायला लावा. नंतर एक परिच्छेद लिहायला द्या. विज्ञान तेच, काम फक्त इंग्रजीचं. हा भाग सुटला तर पुलाचा तास नुसता शब्दांचा खेळ होऊन राहतो.

आता तुमच्या भिंतीवरच्या यादीबद्दल. एकाच मुळातून आलेल्या आणि दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांना इथले सगळे शिक्षक कॉग्नेटच म्हणतात, मीही तेच म्हणते. ती यादी मेलेली आहे कारण ती तुम्ही बनवली. शिवाय लहान मुलांना हे शब्द ऐकून ओळखू येत नाहीत. 'ओशन' आणि 'ओसेआनो' ऐकायला कितीसे सारखे? लिहिल्यावर मात्र लगेच सापडतात. म्हणून दुसरीपर्यंत फार अपेक्षा ठेवू नका, आणि चौथीत छापील मजकुरावरच शोधायला लावा. वाचनाच्या उताऱ्यात ओळखीचा वाटणारा शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करायचा, शेजाऱ्याला पटवून द्यायचं की हा तोच का, आणि वाक्यात अर्थ बसतो का ते बघायचं. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर 'लिब्रेरिया'ला लायब्ररी समजणारी आणि 'कार्पेता'ला कार्पेट समजणारी मुलं तयार होतात. (एक आहे पुस्तकांचं दुकान, दुसरी फाइल.) मात्र असे फसवे शब्द घेऊन सुरुवात करू नका. शिक्षिकांना ते गमतीचे वाटतात म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचा तक्ता लागतो आणि मुलं सारख्या दिसणाऱ्या प्रत्येक शब्दाकडे संशयानं बघायला लागतात. फसवे शब्द मोजके आहेत, खरे हजारोंनी.

यादीऐवजी वळणं शिकवा. स्पॅनिशमधलं शेवटचं 'दाद' इंग्रजीत 'टी' होतं: उनिवेर्सिदाद, युनिव्हर्सिटी. 'मेन्ते' म्हणजे 'ली'. 'ओसो' म्हणजे 'अस': फामोसो, फेमस. इंग्रजीतलं पी-एच स्पॅनिशमध्ये एफ होतं, टी-एचचा नुसता टी राहतो. एस आणि व्यंजनानं सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दाला स्पॅनिश पुढे 'ए' जोडते: स्टुडंट, एस्तुदिआन्ते. हे माहीत असलं की मूल 'एस्टॉप' किंवा 'एस्कूल' का म्हणतं ते तुम्हाला कळतं आणि तुम्ही त्याला स्पीच थेरपीला पाठवत नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती फारच कमी शिक्षिका वापरतात. इंग्रजीतले रोजचे शब्द जर्मानिक घराण्यातले आहेत, पुस्तकी शब्द लॅटिन-फ्रेंचकडून आले. स्पॅनिश तर लॅटिनचीच लेक. त्यामुळे इंग्रजीत जो शब्द अवघड आणि पुस्तकी, तो स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाच्या घरात आजी रोज वापरते. आजारी म्हणजे 'एनफेर्मो', इंग्रजीत पुस्तकात येतं 'इनफर्म'. इमारत म्हणजे 'एदिफिसिओ', तिकडे 'एडिफिस'. सुरू करणं 'कोमेन्सार', तिकडे 'कमेन्स'. झोपणं 'दोर्मिर', आणि विज्ञानात झोपलेला ज्वालामुखी 'डॉर्मंट'. शाळेत उशिरा आलात की ऑफिसात 'टार्डी'ची चिठ्ठी मिळते, आणि 'तार्दे' म्हणजे उशीर हे त्या मुलाला पाळण्यापासून माहीत असतं. ज्या मुलाला वर्ग 'इंग्रजीत कच्चा' समजतो तोच पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द सगळ्यांच्या आधी उकलतो. त्याला हे दाखवून द्या. चारचौघांत दाखवा. इंग्रजी घरातल्या मुलांनाही त्यामुळे स्पॅनिशच्या तासाची किंमत कळते.

लेखनातल्या चुका म्हणजे तुमची रोजची खबर. वहीत एच-ए-एसच्या जागी जे-ए-एस लिहिलेलं दिसलं तर मुलाला स्पेलिंग येत नाही असं नाही. स्पॅनिशमध्ये 'ह'चा आवाज 'जे' देतो आणि एच मुका असतो, हे त्याला पक्कं येतं. शिपच्या जागी चिप, कारण 'श' त्याच्या भाषेत नाही. बी आणि व्हीचा घोळ स्पॅनिश लिहितानाही होतो, कारण उच्चार एकच. 'द हाउस ऑफ माय ग्रँडमदर' हे तर व्याकरणानं शुद्धच आहे, फक्त स्पॅनिश वळणाचं. इंग्रजी घरातली मुलं स्पॅनिश लिहिताना असंच उलट करतात: विशेषण आधी टाकतात, महिन्यांची आणि वारांची नावं मोठ्या लिपीत लिहितात, 'पोसिब्ले'त दोन एस घालतात. दुहेरी व्यंजनासाठी स्पॅनिश शिक्षिका एक सोपी खूण सांगतात: परके शब्द सोडले तर 'कारोलिना' या नावातली चारच व्यंजनं, सी, आर, एल, एन, स्पॅनिशमध्ये दोनदा येतात. ही खूण तुम्हीही पाठ करून ठेवा.

माझा आग्रह एवढाच की एकाच मुलाचं स्पॅनिश आणि इंग्रजी लेखन शेजारी ठेवून वाचा. जोडीदाराबरोबर बसून, महिन्यातून एकदा तरी. फक्त इंग्रजी कागद बघितला तर मूल मागे पडलेलं दिसतं. शेजारी स्पॅनिश ठेवला की कळतं, गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट आहे, संवाद आहेत, फक्त संवादासाठी अवतरणचिन्हाऐवजी स्पॅनिश पद्धतीची आडवी रेघ वापरलीय. तिथे रचना शिकवायची गरज नसते, विरामचिन्ह शिकवलं की झालं. आणि दोन्ही कागदांवर तीच उणीव दिसली तर ती भाषेची नाही. मग ती एकदाच, कुठल्यातरी एका भाषेत नीट शिकवा.

वाक्यांच्या पातळीवर मला 'असी से दिसे' हा प्रकार आवडतो. अर्थ साधारण 'हे असं म्हणतात'. दोन-तीन वाक्यांचा छोटा मजकूर घ्यायचा, मुलांनी जोडीनं दुसऱ्या भाषेत करायचा, मग सगळ्यांची भाषांतरं फळ्यावर मांडून भांडायचं. मी वर म्हटलं भाषांतर म्हणजे दुवा नव्हे, पण इथे भाषांतर शिक्षिका करत नाही, मुलं करतात, आणि का तसं केलं ते सांगतात. जलचक्राच्या युनिटला जोडून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' द्या. कुत्रीमांजरं शब्दशः नेली तर स्पॅनिश घरातली मुलं हसतात, मग कुणीतरी सांगतं, आमच्याकडे 'आ कान्तारोस' पडतो, घागरींनी. जोडीत एक मूल स्पॅनिशमध्ये मजबूत आणि एक इंग्रजीत असं बसवा, म्हणजे दोघांनाही एकमेकांची गरज पडते.

तुमची स्पॅनिश जेमतेम आहे याची काळजी सोडा, पण एक पथ्य पाळा. भिंतीवर जाणारा कुठलाही स्पॅनिश शब्द जोडीदाराला दाखवल्याशिवाय लावू नका, आणि मशीनवर भाषांतर करून तर मुळीच नको. गणितात याचे हमखास बळी जातात. माहितीचा टेबल म्हणजे 'ताब्ला', जेवायचं टेबल 'मेसा'. विषम संख्या 'इम्पार', पण ऑडचं सरळ भाषांतर येतं 'रारो', म्हणजे विचित्र. काटकोन, इंग्रजीतला राइट अँगल, म्हणजे 'आंगुलो रेक्तो', उजव्या हाताचा 'देरेचो' नव्हे. बाकी वर्गात तुम्ही विचारणाऱ्या व्हा, मुलं सांगणारी. "मला माहीत नाही, तुमच्याकडे याला काय म्हणतात?" हा प्रश्न तुम्ही खराखुरा विचारू शकता, जोडीदाराला तो नाटकीपणानं विचारावा लागतो.

आणि उत्तरं एकाहून जास्त येतील. बसला मेक्सिकोत 'कामिओन' म्हणतात, कॅरिबियनमध्ये 'ग्वाग्वा'. टेक्सासमध्ये 'लोन्चे', 'त्रोका', 'पार्केआर' हे सर्रास चालतं, लंच, ट्रक आणि पार्कवरून आलेलं. यांना चूक म्हणू नका. त्याच कागदावर 'आल्मुएर्सो'ही लिहा आणि कुठला शब्द कुठे वापरायचा ते मुलांकडूनच काढून घ्या. ग्रामीण बोली आणि प्रमाण मराठी यांच्यातली ओढाताण ज्यांनी शाळेत भोगलीय त्यांना हे जास्त सांगायला नको. ग्वातेमालाहून आलेल्या काही मुलांच्या घरी तर माम किंवा किचे या माया भाषा असतात. त्यांच्यासाठी स्पॅनिशही दुसरीच. नावावरून अंदाज बांधू नका, विचारा.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जानेवारीत विचाराल. राज्याची स्टार परीक्षा वसंतात असते आणि ती जवळ आली की पहिला गळतो तो हाच तास. मुख्याध्यापकांना सांगायला एक व्यवहारी मुद्दा आहे: पूल बांधला की तोच विषय दोनदा शिकवावा लागत नाही. टेक्सासमध्ये तिसरी ते पाचवीला स्टार स्पॅनिशमध्येही देता येते, म्हणून कुठलं मूल कुठल्या भाषेत देणार हे दोघींनी वेळेत ठरवा आणि त्या भाषेतले प्रश्नांचे शब्द पुलाच्या तासात आणा.

मुलीबद्दल. जागा मिळत असेल तर घाला. मराठीवर गदा येईल ती इंग्रजीमुळे येईल, स्पॅनिशमुळे नाही. आणि इंग्रजी तर कुठल्याही शाळेत घातलं तरी येणारच आहे. उलट स्पॅनिशच्या काही गोष्टी मराठी घरातल्या मुलांना फुकट मिळतात. अक्षरओळख मा-मे-मी-मो-मू अशी होते, म्हणजे आपली बाराखडीच. लिहिलं तसं वाचायचं. नामांना लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं, यात तिला काही नवल वाटणार नाही. इंग्रजी घरातली मुलं तिथेच महिनोन्महिने अडतात. 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. क्रियापद 'मी'कडे बघत नाही, पुस्तकांकडे बघतं, दोन्ही भाषांत तस्संच. हे इंग्रजीतून समजावताना शिक्षिकांना घाम फुटतो. घरी मात्र मराठी सोडून स्पॅनिशचा गृहपाठ इंग्रजीत समजावत बसू नका; मराठीतच समजवा. पगार आणि पाव हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द 'पागार' (पैसे देणं) आणि 'पान' (पाव) म्हणून स्पॅनिशमध्ये तिला भेटतील. नारिंगाचं 'नारान्हा'ही आहेच. ते तिचं तिला सापडू द्या.

सुरुवात कुठून करायची तर तुमच्याच विषयापासून. चौथीच्या गणितात स्थानिक किंमत एक बिलियनपर्यंत जाते आणि हा धडा वर्षाच्या सुरुवातीलाच येतो. इंग्रजी बिलियन म्हणजे आपला एक अब्ज, एकावर नऊ शून्यं. स्पॅनिशमध्ये त्याला 'मिल मियोनेस' म्हणतात, हजार दशलक्ष. स्पॅनिशमधला 'बियोन' म्हणजे एकावर बारा शून्यं, पण अमेरिकेत इंग्रजीच्या वळणानं तो नऊ शून्यांसाठी वापरलेलाही आढळतो. म्हणजे मूल घरी एक ऐकतं, तुमच्याकडे दुसरं, आणि दोन्हीकडे बरोबर असतं. शिवाय मेक्सिकोत शिकलेले पालक भागाकारात वजाबाकी मनात करतात, कागदावर फक्त बाकी लिहितात. तुमच्या पद्धतीच्या पायऱ्या वहीत दिसल्या नाहीत म्हणून गुण कापू नका, आधी विचारा. येत्या आठवड्यात जोडीदाराबरोबर बसून या दोन गोष्टी कागदावर घ्या, कुठला रंग कुणाचा ते ठरवा, आणि धडा संपण्याच्या दिवशी तिला तुमच्या खोलीत अर्ध्या तासासाठी मागून घ्या. आकडे इंग्रजीत शिकवून झालेले असतील, त्यामुळे या वेळी निळी बाजू आधी भरा आणि लाल नंतर.